नेकनूरचा उकार आणि यंत्राचा अर्जनवीस

मराठवाड्यातल्या एखाद्या गावाचा इतिहास शोधू लागले की पहिली अडचण येते ती गावाच्या नावाचीच. आजचे बीड ‘इंपीरियल गॅझेटिअर’मध्ये शोधायचे तर ते बी-एच-आय-आर या रोमन अक्षरांखाली, म्हणजे ‘भीर’ म्हणून सापडते. पुढे बी-आय-डी आले, आता बी-ई-ई-डी रूढ आहे. हे ज्याला ठाऊक नाही, तो गॅझेटिअर मिटून ‘नोंद नाही’ असे लिहून मोकळा होतो.

बीड तालुक्यातले नेकनूर हे त्याच जातीचे उदाहरण. मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव बंकटस्वामी महाराजांच्या संस्थानामुळे वारकऱ्यांच्या परिचयाचे आहे. नावातला ‘नेक’ फारसीतला, ‘नूर’ अरबीतला; दोन्ही शब्द मराठीत केव्हाच मुरले. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि वरिष्ठ कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चाले. उर्दू लिपीत ‘नूर’ लिहिताना येणारा वाव ‘ऊ’ही असतो आणि ‘ओ’ही, योग्य स्वर वाचणाऱ्याने मनाने भरायचा. देवनागरीत ती सोय नाही. नेकनूर की नेकनुर, हे लिहिणाऱ्याला ठरवावेच लागते. रोमनमध्ये एक ‘यू’ की दोन ‘ओ’, हा आणखी वेगळा प्रश्न.

त्या काळी कचेरीत जाणाऱ्या शेतकऱ्याला अर्जनवीस लागे. मजकूर कोणत्या क्रमाने मांडायचा, तिकीट कितीचे लावायचे, नाव कुठे घालायचे, हे त्याला पाठ असे. माणूस आपल्या बोलीत सांगे आणि अर्जनवीस ते कचेरीच्या साच्यात बसवी. आज संगणकांच्या व्यवहारात हेच काम ‘क्लायंट लायब्ररी’ करते. इथे लायब्ररी म्हणजे ग्रंथालय नव्हे, तयार आज्ञावलींचा संच. आणि ज्या खिडकीपाशी ती अर्ज देते, ती वेब एपीआय: एका संगणकाने दुसऱ्याकडे ठरावीक रीतीने माहिती मागण्याची जागा. ईबेसारख्या कंपन्यांनी २००० साली अशा खिडक्या उघडल्या.

मराठीशी या इतिहासाचा संबंध लवकर आला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. आज ‘पायविकिबॉट’ म्हणून ओळखली जाणारी लायब्ररीही ‘पायविकिपीडियाबॉट’ या नावाने त्याच वर्षी आकाराला येत होती. आरंभी ती माणसासाठी बनवलेली पाने वाचून त्यांतून माहिती उकरून काढी. पानाची मांडणी बदलली की तिचा गोंधळ उडे. २००६च्या सुमारास विकिपीडियाला स्वतंत्र एपीआय मिळाला आणि पुढे ही लायब्ररीही त्याच वाटेने बोलू लागली.

बीड जिल्ह्यातल्या गावांच्या नावांच्या याद्या ताडून पाहण्यासाठी मी ती वापरतो. मी दोन-तीन ओळी लिहितो: स्थळ मराठी विकिपीडिया, पान ‘नेकनूर’, ते आहे का? बाकीचे लायब्ररी बघते. ‘नेकनूर’मध्ये यंत्राच्या हिशेबी सहा चिन्हे आहेत. प्रत्येकाचे तीन बाइट, म्हणजे अठरा. वेबच्या पत्त्यात घालताना त्यांची चोपन्न अक्षरे होतात. यादी मोठी असेल तर एपीआय ती तुकड्यातुकड्यांनी देतो, साध्या खात्याला एका वेळी पाचशे नोंदी. पुढचा तुकडा मागण्याची खूण लायब्ररी जपते. सर्व्हर मागे पडला असेल तर ती थांबून पुन्हा विचारते. पानात बदल करायचा तर ओळख पटवून परवाना-चिन्ह मिळवते आणि दोन लेखनांमध्ये अंतर ठेवते. हे सगळे हाताने करायचे तर दिवस त्यातच जाईल.

पण उकार ती दुरुस्त करत नाही. युनिकोडमध्ये ऱ्हस्व उकाराचा क्रमांक २३६९ आणि दीर्घ उकाराचा २३७०. आपल्याला ही लेखनातली किरकोळ चूक वाटते. यंत्राला ही दोन वेगळी नावे आहेत. ‘र’ आणि खालचा नुक्ता वेगवेगळे टंकले, तर विकिपीडियाचा सर्व्हर त्यांचा एक ‘ऱ’ करून घेतो, कारण युनिकोडने ती दोन्ही रूपे समान मानली आहेत. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत अशी सवलत नाही. नेमक्या त्या अक्षरांचे पान नसेल, तर ‘पान नाही’ एवढेच उत्तर येते.

या उत्तराचा अर्थ कसा घ्यायचा, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. शेकडो नावे एका दमात विचारली की ‘नाही’ची उत्तरे कोष्टकाच्या एका रकान्यात जाऊन पडतात आणि ती उघडून कोणी बघत नाही. त्या रकान्यावर विसंबून नवी पाने तयार करणारी आज्ञावली चालवली, तर एकाच गावाची दोन पाने होतात. एकाचा इतिहास दोन ठिकाणी विखुरतो आणि पुढचा अभ्यासक त्यांतले एकच वाचतो. अर्जनवीसाच्या लेखणीतून दिवसाला मोजके अर्ज निघत. इथे तीच चूक तासाभरात गावोगाव पसरते.

उपाय आपल्या दप्तरात जुनाच आहे: ‘उर्फ’. महसुली कागदांत गावाच्या दोन नावांमध्ये हा शब्द सर्रास दिसतो. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सुरू झालेल्या विकिडेटात त्याला जागा आहे. तिथे प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो, प्रत्येक भाषेत एक मुख्य नाव, आणि सोबत हवी तितकी उर्फ नावे. विकिपीडियावर चुकीच्या किंवा जुन्या नावावरून योग्य पानाकडे नेणारे पुनर्निर्देशन तेच काम करते. म्हणून मी आधी प्रत्येक गावाच्या शक्य त्या सर्व लेखनांची यादी करतो, ती सगळी विचारतो आणि तालुका-जिल्हा जुळतो का ते पाहतो, कारण एकाच नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत.

जुन्या जबाबांच्या शेवटी ‘वाचून दाखविले, बरोबर आहे’ असे वाक्य असे. पायविकिबॉटमध्येही तशी सोय आहे: काहीही न लिहिता नुसती रंगीत तालीम करण्याची. मी ती आधी चालवतो आणि निघालेली यादी त्या भागातल्या माणसाला वाचून दाखवतो. नेकनूरचा उकार कोणता, हे तिथल्या माणसाला यंत्रापेक्षा अधिक ठाऊक असते. त्याने मान डोलावली की मगच लेखनाची आज्ञा देतो.