इंद्रायणीचा वास आणि बंद पडलेला जीन
इंद्रायणी नदी उगम पावते लोणावळ्याजवळ, आणि इंद्रायणी भात जन्मला वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात, १९८७ साली. आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांचा हा संकर. आंबेमोहर सुवासिक, पण उंच, त्यामुळे पावसा-वाऱ्यात लोळायचा. आयआर-८ फिलिपिन्समधला, १९६६ चा. ठेंगणा, भरघोस, पण बिनवासाचा.

गंमत म्हणजे भाताचा वास हा जीन चालू असल्याने नाही, तर बंद पडल्याने येतो! बीएडीएच-२ हा जीन शाबूत असला की त्याचं एन्झाइम वासाच्या रसायनाचा कच्चा माल संपवून टाकतं. जीन बिघडला की माल उरतो, आणि भात घमघमतो. ठेंगणेपणाचंही तसंच. जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक बनवणारा एक जीन आयआर-८ मध्ये मोडका आहे.

आता संकर केला की पहिल्या पिढीत दोन्ही गुण गायब, कारण प्रत्येक जीनची एक चांगली प्रत पुरते. दुसऱ्या पिढीत वास चारात एका रोपाला, ठेंगणेपणही चारात एकाला. दोन्ही एकत्र हवं तर हिशेबाने सोळात एक. वर उत्पन्न, दाणा, चव बघायची ती वेगळीच.

ठेंगणेपणाचा जीन सापडला २००२ मध्ये, वासाचा २००५ मध्ये. वडगावकरांनी निवड त्याच्या कितीतरी आधी करून ठेवली होती, नुसती रोपं पारखून.