बिलावरचं 'को-ऑप.' आलं कुठून?

मेंटेनन्सच्या बिलावर 'को-ऑप. हौ. सो. लि.' ही अक्षरं आपण वर्षानुवर्षं पाहतो. त्यातल्या 'को-ऑप.'ची गोष्ट रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानं आपल्या मुलांना सांगायला हवी.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर कानडा भागातली चित्रापूर सारस्वत कुटुंबं नोकरीसाठी मुंबईत येत होती. घरात कोंकणी, हातात बेताचा पगार. 1896 च्या प्लेगनं दाटीवाटीच्या वस्तीचा धसका घेतलेला. हवेशीर जागा हवी, पण भाडं परवडेना आणि एकट्यानं घर बांधणं तर अशक्यच. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी यावर मार्ग काढला. एकट्याची पत नसली तरी दहाजणांची मिळून होते! 1906 साली त्यांनी आपल्या गुरूंच्या नावानं शामराव विठ्ठल पतपेढी काढली. 1904 चा सहकारी कायदा पतपेढ्यांपुरताच होता. 1912 च्या कायद्यानं इतर संस्थांनाही दार उघडलं. मग 1915 मध्ये गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. मुंबई इलाख्यातली ही पहिलीच गृहनिर्माण संस्था. पुढे ताडदेवच्या वसाहतीला तालमकीवाडी हेच नाव मिळालं.

त्या मंडळींना एक गोष्ट आयती मिळाली होती, ती म्हणजे विश्वास. भाषा एक, मठ एक, नातीगोती एक. पैसे बुडणार नाहीत, याची खात्री ओळखीतूनच यायची. अर्थात त्याच ओळखीमुळे बाहेरच्याला दार बंद, हेही खरंच.

आपल्या सोसायटीत तसं नाही. तळमजल्यावरचा नावांचा बोर्ड बघा, किती प्रांतांची आडनावं! पहिल्या वर्षी आपण लिफ्टमध्ये एकमेकांकडे नुसतं बघायचो. मग पाणीटंचाईत रात्री टँकरसाठी एकत्र जागलो, गणपतीची वर्गणी काढली, दिवाळीचा फराळ आणि नाताळचा केक मजल्यामजल्यावर फिरला. तालमकींच्या सभासदांनी ओळखीतून सोसायटी उभारली. आपण सोसायटीतून ओळख उभारली.

पण ही ओळख आता थोडी सैल पडतेय. मीटिंगला कोरम भरत नाही, अर्धा तास तहकूब करून मोजक्या लोकांत निर्णय होतात. कमिटीत यायला कुणी तयार नाही. उद्या मोठ्या दुरुस्तीचा, परवा पुनर्विकासाचा प्रश्न येईल. तेव्हा विश्वास बाजारातून विकत आणता येणार नाही.

म्हणून मंडळी, महोत्सवाला या, जेवायला या. आणि पुढच्या सर्वसाधारण सभेलाही वेळेवर या.