अदृश्य जखमांचा वैद्य

पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश सैन्यापुढें एक विलक्षण व्याधि उभी राहिली. अंगावर ओरखडाहि नसतां कोणी शिपाई मुका होई, कोणाचे पाय लुळे पडत, कोणी रात्रीं किंचाळत उठे. १९१५ सालीं डॉ. चार्ल्स मायर्स यांनीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत ‘शेल-शॉक’ या नांवाखालीं अशा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. पण पुष्कळ सेनाधिकाऱ्यांच्या लेखीं हा निव्वळ भ्याडपणा होता. कोठें मुक्या शिपायाला विजेचे झटके देऊन बोलतें करीत. आणि पलायन, भ्याडपणा इत्यादि आरोपांवरून तीनशेंहून अधिक सैनिकांना तर आपल्याच पक्षाच्या गोळ्यांनीं मरावें लागलें. ब्रिटननें त्यांना क्षमा केली ती २००६ सालीं!

अशा काळीं एडिंबरो येथील क्रेगलॉकहार्ट रुग्णालयांत डॉ. विल्यम रिव्हर्स यांनीं निराळी वाट धरली. निलगिरींतील तोडा लोकांवर १९०६ सालीं ग्रंथ लिहिणारे ते हेच. ‘झालें तें विसरा,’ असा उपदेश या रोग्यांना सर्वत्र होत असे. रिव्हर्स यांस दिसून आलें कीं, दिवसा बळेंच दडपलेली आठवण रात्रीं स्वप्नांत दुप्पट जोरानें उसळते. एका अधिकाऱ्याला आपल्या मित्राचें छिन्नविच्छिन्न प्रेत वारंवार स्वप्नांत दिसे. रिव्हर्स यांनीं त्याला दाखवून दिलें कीं, देहाची ती दशाच मित्राला यातनांवांचून, क्षणार्धांत मरण आल्याची साक्ष देते. पुढें एका रात्रीं तेंच स्वप्न पुन्हां पडलें. पण या खेपेस तो मित्राजवळ गुडघे टेकून बसला, त्याच्या आप्तांसाठीं त्याच्या वस्तु काढून घेऊं लागला, आणि जागा झाला तेव्हां मनांत भय नव्हतें, केवळ शोक होता.

दुसऱ्या एका रोग्याच्या आठवणींत मात्र दिलासा देण्याजोगें कांहींच सांपडेना. १९१७ च्या डिसेंबरांत आपला निबंध वाचतांना रिव्हर्स यांनीं ही हकीकतहि लपविली नाहीं. त्या रोग्यानें सैन्य सोडावें, आणि पूर्वीं जेथें त्याला आराम पडला होता तशा शांत ग्रामीण जीवनाकडे वळावें, असें ठरलें.

१९८० सालीं अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेनें आघातजन्य विकाराला आपल्या अधिकृत रोगसूचींत स्थान दिलें. १९९२ सालीं ज्यूडिथ हर्मन यांनीं बरें होण्याचा क्रम मांडला: आधीं सुरक्षितता, मग स्मरण व शोक, शेवटीं माणसांत परतणें. सुरक्षितता पहिली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. ज्याला अजून आसरा लाभला नाहीं त्याच्या तोंडून बळेंच दुःख वदविणें हाहि विजेच्या झटक्याचाच एक प्रकार होय.

आपणहि घरोघरीं दुःखिताला ‘आतां विसर तें’ असें मायेनें सांगतों. त्याऐवजीं त्याला बोलावेंसें वाटेल तेव्हां ऐकण्यास आपण जवळ असावें, एवढें तरी रिव्हर्स यांच्यापासून शिकण्यासारखें आहे.