थंड समुद्राची पाणबुडी, आपल्या समुद्राची गस्त

भिलाईच्या कोहक्यातून निघताना दोन गोष्टी घरीच ठेवा: घड्याळ आणि रोजच्या आंघोळीची सवय. बाकी सामान हवं तेवढं घ्या, ते ठेवायला जागा मिळणार नाही तो भाग वेगळा. दुर्गला विशाखापट्टणमची गाडी पकडा, डोंगर उतरून समुद्राला लागा आणि आरके बीचवर चालत राहा. वाळूत एक काळीभोर, ९१ मीटर लांबीची पाणबुडी दिसेल. तीच आयएनएस कुर्सुरा. ३१ वर्षं पाण्याखाली-पाण्यावर नोकरी करून ती २००१ साली निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी तिचं संग्रहालय झालं.

तिकीट काढा, आत शिरा. लोकांची गर्दी आहे, कोणाचं तरी मूल पायात येतंय, निवृत्त नौसैनिक माहिती सांगतोय. तुम्ही मात्र तिसऱ्या कप्प्यात, पेरिस्कोपपाशी, जरा रेंगाळा. सगळे पुढे सरकले की डोळे मिटा.

आधी वास येईल. डिझेलचा. तो नाकात शिरत नाही, तो अंगावर बसतो. मग त्याच्याखालचे वास एकेक करून कळायला लागतात: गरम झालेलं वंगण, घामाने भिजून वाळलेल्या आणि पुन्हा भिजलेल्या बनियनी, कांद्याची फोडणी, कुठेतरी सडायला लागलेला बटाटा. पायाखालची जमीन हलू लागेल. डोळे उघडा. नोव्हेंबर १९७१. अरबी समुद्र. काही दिवसांपूर्वी तुम्ही मुंबईहून निघालात आणि तेव्हापासून आकाश पाहिलेलं नाही.

घाबरू नका, तुमच्याकडे लक्ष द्यायला इथे कोणाला वेळ नाही. पंचाहत्तर माणसं आहेत आणि प्रत्येकाच्या हाताशी एखादा व्हॉल्व्ह, एखादं चाक नाहीतर एखादा काटा आहे. फक्त वाटेत उभे राहू नका. वाट एकच आहे आणि ती जेमतेम एका माणसाच्या खांद्याएवढी. समोरून कोणी आलं तर पोट आत घ्या, पाठ भिंतीला लावा. पण भिंत म्हणजे नळ्या, आणि त्यांतली एखादी तापलेली असते, हे आधी हाताने चाचपून घ्या.

सात कप्पे आहेत. एकातून दुसऱ्यात जायला दार नाही, गोल भोक आहे, जाड झाकणाचं. आधी एक पाय घाला, मग डोकं, मग उरलेलं शरीर. घाईत आधी डोकं घालणाऱ्याच्या कपाळाला पोलाद किती टणक असतं ते कळतं. कप्प्यात पाणी शिरलंच तर ही झाकणं बंद करायची असतात, आतली माणसं आतच ठेवून. हे इथे सगळ्यांना माहीत आहे. त्यावर कोणी बोलत नाही.

चला, पुढच्या टोकाला जाऊ. इथे सहा टॉर्पेडो नळ्या आहेत, मागच्या टोकाला आणखी चार. एकूण बावीस टॉर्पेडो नेता येतात. ते कुठे ठेवलेत हे शोधायला लांब जायला नको, तुमची झोपायची फळी त्यांच्याच शेजारी आहे. हात लांबवा. गार, ग्रीस लावलेलं, गुळगुळीत. तुमच्याहून चौपट लांब. पहिल्या रात्री त्याच्याकडे पाठ करून झोपावंसं वाटतं, चौथ्या रात्री त्यावर टॉवेल वाळत घालावासा वाटतो. फळी तुमच्या एकट्याची नाही. तुमची पाळी लागली की दुसरा येऊन त्याच उबेत आडवा होतो, आणि परत याल तेव्हा त्याच्या घामाचा ठसा तुमची वाट पाहत असतो.

उकडतंय ना? भिलाईच्या माणसाने उकाड्याची तक्रार करू नये असं कोणी म्हणेल, पण कोहक्यातल्या मे महिन्यात संध्याकाळी निदान गच्ची तरी असते. इथला उकाडा बाहेर जाऊ शकत नाही. ही पाणबुडी लेनिनग्राडच्या गोदीत बांधली. तिचा मूळ आराखडा उत्तरेच्या थंडगार समुद्रासाठी काढलेला, जिथे बाहेरचं पाणीच बोट गार ठेवतं. भारतासाठी बांधताना उष्ण हवामानाचा विचार करून काही बदल केले, वातानुकूलनाची सोय वाढवली. पण आपला समुद्र ऐन हिवाळ्याच्या तोंडावरही कोमट असतो. बॅटऱ्या तापतात, मोटारी तापतात, गॅलीतली शेगडी तापते, पंचाहत्तर शरीरं तापतात. त्यात वीज वाचवायची म्हणून थंड हवेचं यंत्र बंद केलं की छतावरून थेंब टपकायला लागतात. ते पाणी म्हणजे आपलाच श्वास, पोलादावर थिजलेला. मला या बोटीबद्दल सगळ्यात जास्त आदर इथे वाटतो. तिच्या टॉर्पेडोंचं कौतुक जगाने केलं. पण थंड समुद्रासाठी आखलेल्या यंत्रात राहून गरम समुद्राची सवय आपल्या माणसांनी स्वतःच्या अंगाला लावून घेतली, त्याची नोंद कोणी फारशी घेतली नाही.

ही माणसं रशियात शिकून आली. आधी भाषा शिकली, मग यंत्र. भिलाईत हे ऐकून तुम्हाला नवल वाटणार नाही. पोलादाच्या कारखान्यात रशियन तंत्रज्ञांबरोबर खांद्याला खांदा लावून राबलेली माणसं तुमच्या गावात घरोघर होती.

पायाखालची लोखंडी जाळी जरा उचलून बघा. खाली अंधारात रांगेने बॅटऱ्या आहेत, एकूण ४४८ सेल. पाण्याखाली असताना बोट चालते ती यांच्यावर. यांच्यातून हायड्रोजन निघतो, त्यामुळे ठिणगी म्हणजे शत्रू. खिशात काडेपेटी असेल तर ती आत्ताच देऊन टाका. वीज जपायची म्हणून बोट माणसाच्या चालीने सरकते, कधी त्याहूनही सावकाश. दिवे मंद. पंखे मंद. बोलणं मंद. ज्याची पाळी नाही त्याने आडवं पडून राहायचं, कारण हालचाल केली की जास्त हवा लागते. दुपार झाली की कपाळाच्या मागे जडपणा जमतो. मग हवा शुद्ध करणाऱ्या रसायनाचे डबे उघडतात. त्यांना तेलाचा हात लागू द्यायचा नाही, नाहीतर पेट घेतील. आणि इथे तेल नाही असा हात सापडणं कठीण.

रात्री खरा सोहळा होतो. बोट वर सरकते, पण पूर्ण नाही. फक्त पेरिस्कोप आणि त्याच्या मागे हवेचा जाड नळ लाटांच्या वर काढायचा, त्यातून हवा ओढून डिझेल इंजिनं चालवायची आणि बॅटऱ्या भरून घ्यायच्या. दोन महायुद्धांच्या मधल्या पाणबुड्यांना ही सोय नव्हती. त्या बिचाऱ्या दिवसभर बुडून राहायच्या आणि रात्री अख्ख्या वर येऊन, सगळ्या जगाला दिसत, बॅटऱ्या भरायच्या. त्या काळाच्या अगदी शेवटी डच नौदलाने ओ-१९ या पाणबुडीवर असा नळ बसवला. मग युद्धात तो जर्मनांच्या हाती लागला, आणि युद्धानंतर सगळ्यांच्या आराखड्यात आला. कुर्सुराच्या नळाचं कुळ तिथवर जातं.

कुळ थोर असलं तरी कान सांभाळा. इंजिनं सुरू झाली. पाचव्या कप्प्यात तीन डिझेल इंजिनं आहेत, प्रत्येकी २,००० अश्वशक्तीची. तिथे शब्द ऐकू येत नाहीत, फक्त ओठ हलतात आणि हातवारे होतात. स्टोकर तेलाने चमकतोय, कानांत कापूस आहे. आणि एवढ्यात वर एखादी लाट नळाच्या तोंडावर आदळते. तोंडावरची झडप मिटते. इंजिनांना ते कळत नाही, ती हवा मागतच राहतात, आणि बाहेरून मिळेना म्हणून तुमच्या आजूबाजूची ओढायला लागतात. कानाचे पडदे बाहेर खेचले जातात, डोळ्यांच्या मागे ताण येतो. झडप उघडते. फट्! कान मोकळे. दहा मिनिटांनी पुन्हा. आवंढा गिळत राहा, हाच उपाय. अशा रात्रीत जेवणं होतात, पत्ते खेळले जातात, लोक झोपतातसुद्धा.

जेवणाचं म्हणाल तर पहिले काही दिवस चैन असते. ताजी भाजी, अंडी, पाव. मग पावाला बुरशी येते, ती खरवडून बाकीचा खायचा. त्यानंतर डबे उघडायचे. गॅली एवढीशी आहे की आचाऱ्याला वळायचं असेल तर आधी बेत करावा लागतो. तरी तिथून फोडणीचा वास निघाला की टॉर्पेडोच्या कप्प्यापर्यंत माना वर होतात. इथे दिवस-रात्र नाही, जेवणाच्या वासावरूनच वेळ ओळखायची. गोडं पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी. आंघोळ नाही. तोंड धुवायला मिळालंच तर ते भाग्य समजा.

आता सोनारवाल्याकडे, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणाऱ्याकडे, या. तो कानाला हेडफोन लावून डोळे मिटून बसलाय. त्याला विनवा, एक मिनिट देईल. ऐका. किनारा जवळ असला तर आधी तडतड ऐकू येते, तेलात मोहरी पडल्यासारखी. ती कोळंबीच्या जातीची प्राणीमंडळी नांग्या आपटतात. लांबून डॉल्फिनची शीळ. आणि मग, या सगळ्याच्या खाली, एक ठेका. ढब-ढब-ढब. जहाजाचा पंखा. सोनारवाला बोटांवर ठेके मोजतो. मालवाहू आहे, संथ चाललंय. कप्तानाला कळवलं जातं. आपण काय करायचं? काहीच नाही. व्यापारी जहाजांच्या वाटा ओलांडायच्या नाहीत असा सक्त हुकूम आहे, चुकून भलतंच जहाज बुडू नये म्हणून. ओळख पटलेली शत्रूची युद्धनौका दिसली तरच गोष्ट वेगळी. तोवर ऐकायचं, नोंद करायची, सरकायचं. युद्धकथांत ही बाजू येत नाही, पण पाणबुडीतला बहुतेक काळ हाच: शस्त्र तयार ठेवून हात मागे ठेवायचे. कंटाळा आणि सावधपणा दोन्ही एकाच वेळी अंगात बाळगायचे. ते जमायला वेगळ्या जातीची माणसं लागतात.

दिवे आता लाल झालेत. वर काळोख आहे आणि पेरिस्कोपवर जाणाऱ्याचे डोळे काळोखाला सरावलेले हवेत म्हणून. लाल उजेडात सगळ्यांची दाढी सारखीच दिसते.

महिना संपता संपता कप्प्याकप्प्यांत कुजबुज पसरते: करंज भेटणार. करंज म्हणजे आपली बहीणपाणबुडी. मुंबई बंदरातल्या, उरणजवळच्या करंजा बेटाचं नाव तिला दिलंय. आणखी एका बहिणीचं नाव खांदेरी, थळच्या समोरच्या शिवकालीन जलदुर्गावरून. रशियात बांधलेल्या पोलादावर आपल्या कोकणाची नावं! मालवणचा एक पोरगा हे शेजारच्याला तिसऱ्यांदा सांगतोय आणि शेजारचा तिसऱ्यांदा मान डोलावतोय. गस्तीच्या सूचना करंजच्या हाती द्यायच्या, आपली पाळी संपली. तुम्हाला वाटेल, भेट बघायला मिळेल. छे. तुम्ही खाली, तुमच्या काट्यापाशी. वर काय चाललंय ते दोन-तीन जणांनाच दिसतं. बाकीच्यांना इंजिनाच्या बदललेल्या सुरावरून कळतं की झालं काम, आता घराकडे.

चार डिसेंबर, मुंबई. पाकिस्तानशी युद्धाला तोंड फुटलंय, बंदरात धावपळ आहे. वरचं झाकण उघडतं आणि हवा आत कोसळते. खाऱ्या वाऱ्याचा, कोळशाच्या धुराचा, सुक्या मासळीचा वास, आणि तो इतका भरभरून की छातीत दुखतं. शिडी चढा. उजेडाने डोळ्यांना पाणी येतं, ते पुसू नका, हात तेलाचे आहेत. धक्क्यावर उभा असलेला खलाशी दोन पावलं मागे सरकतो. त्याचं काही चुकलं नाही, तुम्हाला तुमचा वास येत नाही एवढंच. आता तो कपड्यांतून चार धुण्यांत निघेल, केसांतून त्याहून उशिरा.

आणि अंगावर पहिली बादली ओतायला निघालात तर थांबा. चीफने मागून हाक मारलीय. बॅटऱ्या तपासायच्या आहेत, कचरा वर काढायचाय, डिझेल भरायचंय, बटाट्याची पोती धक्क्यावर आलीत. ती त्या गोल भोकातून खाली उतरवायला एक माणूस कमी पडतोय.