१९९० : पाच दिवसांच्या अंतराने घडलेल्या दोन घटना आणि आपला रत्नागिरी जिल्हा



१९९० हे साल आपल्या चळवळीला मंडलमुळे आठवते. जगाचा इतिहास लिहिणारे त्याच सालाला नेल्सन मंडेलांची सुटका, जर्मनीचे एकीकरण आणि कुवेतवरचे आक्रमण यांमुळे ओळखतात. आपला इतिहास एका कपाटात आणि जगाचा इतिहास दुसऱ्या कपाटात, अशी वाटणी होऊन बसली आहे. त्यामुळे एक साधी गोष्ट नजरेतून सुटते. इराकच्या फौजा २ ऑगस्ट १९९० रोजी कुवेतमध्ये घुसल्या. पंतप्रधान व्ही. पी. सिंग यांनी मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा संसदेत केली ती ७ ऑगस्ट १९९० रोजी. मध्ये फक्त पाच दिवस.

एका घटनेने ओबीसींसाठी केंद्र सरकारच्या नोकरीचे दार उघडले. दुसऱ्या घटनेने त्या दारामागचे घरच लहान करण्याला वेग दिला. हे दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय आजच्या तरुणाला आपल्या बेकारीचा अर्थ कळणार नाही. आणि हे एकत्र वाचायला रत्नागिरीसारखी जागा नाही, कारण इथल्या बौद्धवाडीत, कुणबीवाडीत आणि मोहल्ल्यात, तिन्ही ठिकाणी हे साल वेगवेगळ्या दारांनी शिरले.

हक्कांचे सहा महिने

सालाची सुरुवात आपल्या बाजूने झाली. १९८९ साली संसदेने मंजूर केलेला अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा ३० जानेवारी १९९० पासून अमलात आला. त्यानंतर बाराच दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेला २७ वर्षांच्या तुरुंगवासातून बाहेर आले. २१ मार्चला नामिबिया स्वतंत्र झाला. वंशभेदाची जागतिक भिंत खचत असताना भारतातल्या जातिभेदाच्या भिंतीलाही तडे जातील, अशी आशा वाटावी असेच दिवस होते.

एप्रिलमध्ये बाबासाहेबांचे जन्मशताब्दी वर्ष सुरू झाले. १२ एप्रिलला संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांचे तैलचित्र लागले. १९९० सालीच बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न दिले गेले, आणि त्याच साली मंडेलांनाही. संविधान लिहिणाऱ्या माणसाचे चित्र संसदेत लागायला संविधान लागू झाल्यानंतर ४० वर्षे लागली, हे मात्र विसरू नका. तेही एका बिगरकाँग्रेस, अल्पमतातल्या सरकारच्या काळात.

पण रत्नागिरीच्या बौद्धांसाठी त्या सालची सगळ्यात मोठी गोष्ट तैलचित्र किंवा पदक नव्हे. ती गोष्ट म्हणजे अनुसूचित जातींच्या आदेशात झालेली दुरुस्ती. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदानुसार हिंदू धर्माबाहेरचा माणूस अनुसूचित जातीचा मानला जात नव्हता. १९५६ साली त्यात शीख धर्माची भर पडली. बौद्ध मात्र बाहेरच राहिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली आणि त्यानंतर मंडणगड, दापोली, खेड, चिपळूणपासून राजापूरपर्यंत आपल्या वाड्यांनी बुद्धाला शरण जाण्याचा निर्णय घेतला. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात. रमाईंचे वणंद दापोली तालुक्यात. पण ज्या क्षणी माणसाने कागदावर 'बौद्ध' लिहिले, त्या क्षणी केंद्राच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली राज्य सरकारने आपल्या अखत्यारीतल्या सवलती नवबौद्धांना दिल्या. रेल्वे, टपाल, बँका आणि केंद्राच्या इतर नोकऱ्या मात्र बंदच राहिल्या.

म्हणून कित्येक घरांत भिंतीवर बुद्ध आणि शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' अशी दुहेरी नोंद राहिली. याला काही लोक दुटप्पीपणा म्हणतात. ज्या राज्यव्यवस्थेने धर्म आणि भाकरी यांतले एकच निवडायला लावले, तिला हे लोक काही म्हणत नाहीत! ती अट १९९० च्या दुरुस्तीने काढली. धर्मांतरानंतर ३४ वर्षांनी. म्हणजे १९५६ साली बौद्ध घरात जन्मलेले मूल तोपर्यंत ३४ वर्षांचे झाले होते, सरकारी नोकरीत शिरण्याचे त्याचे वय निघून चालले होते. एक अख्खी पिढी या ओळीने बाहेर ठेवली.

मंडल आणि कुणबीवाडी

आता ७ ऑगस्टकडे येऊ. मंडल ही व्ही. पी. सिंगांच्या मनात अचानक आलेली कल्पना नव्हती. तिचे मूळ संविधानाच्या कलम ३४० मध्ये आहे. मागासवर्गांसाठी आयोग नेमावा, हे त्या कलमात आहे. तो आयोग नेमला गेला नाही, ही बाबासाहेबांनी १९५१ साली कायदेमंत्रिपदाचा राजीनामा देताना सांगितलेल्या कारणांपैकी एक तक्रार होती. हिंदू कोड बिलाचे कारण सगळ्यांना पाठ असते, हे कारण फार थोड्यांना ठाऊक असते. पुढे १९५३ साली कालेलकर आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल गुंडाळून ठेवला गेला. मंडल आयोगाने १९८० च्या डिसेंबरअखेर अहवाल दिला, तो दहा वर्षे धूळ खात पडला. याच आयोगातले एकमेव दलित सदस्य एल. आर. नाईक यांनी वेगळे मत नोंदवले होते : ओबीसींतल्या अतिमागास जातींचा वाटा वेगळा ठेवा, नाहीतर बलवान जातीच सगळे घेऊन जातील. आज उपवर्गीकरणाची चर्चा ऐकताना हे नाव लक्षात ठेवा.

रत्नागिरी जिल्ह्यात मंडल म्हणजे प्रामुख्याने कुणबी समाज. खोताच्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या राबणारे कूळ. १४ एप्रिल १९२९ रोजी चिपळूणला झालेल्या शेतकरी परिषदेचे अध्यक्ष कोण होते? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक कोणी मांडले? बाबासाहेबांनी. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईच्या विधिमंडळावर चालून गेले, त्या मोर्चाचे नेतृत्व कोणाचे होते? बाबासाहेबांचेच. त्या मोर्चात महार आणि कुणबी खांद्याला खांदा लावून चालले. अखेर १९४९ च्या कायद्याने खोती गेली. म्हणजे कुणब्याच्या जमिनीच्या लढ्यात आणि कुणब्याच्या नोकरीच्या हक्कात, दोन्हीकडे बाबासाहेब आहेत. मंडल हा खोतीविरोधी लढ्याचा दुसरा अध्याय होता. जमीन कसणाऱ्याची, तसे राज्यही राबणाऱ्याचे.

पण कुणबीवाडीपर्यंत हा इतिहास पोचण्याआधी दुसरेच काही पोचले. मंडलची घोषणा झाल्यावर उत्तरेत सवर्ण विद्यार्थी रस्त्यावर आले. २५ सप्टेंबरला सोमनाथहून लालकृष्ण अडवाणींची रथयात्रा निघाली. नोकरीतल्या वाट्याचा प्रश्न बाजूला पडून मंदिराचा प्रश्न पुढे आला. २३ ऑक्टोबरला समस्तीपूरला अडवाणींना अटक झाली, भाजपने पाठिंबा काढला आणि ७ नोव्हेंबरला सरकार पडले. घोषणेनंतर बरोबर तीन महिन्यांनी. महाराष्ट्रात त्याच साली फेब्रुवारीत झालेल्या विधानसभा निवडणुकीत शिवसेनेला ५२ आणि भाजपला ४२ जागा मिळाल्या होत्या. जातीवर आधारित आरक्षणाला शिवसेनाप्रमुखांचा विरोध जाहीर होता. तरीही ज्यांना मंडलचा लाभ व्हायचा, त्या कोकणातल्या तरुणांनीच पुढच्या काळात भगवा खांद्यावर घेतला. हे कसे घडले, याचा विचार शिव्या देऊन होत नाही. ज्याला स्वतःच्या हक्काचा इतिहास कुणी सांगितलेला नसतो, तो दुसऱ्याने सांगितलेल्या इतिहासावर जगतो.

कुवेतचा ऑगस्ट

आता २ ऑगस्टची घटना. रत्नागिरी हा मनिऑर्डरवर जगणारा जिल्हा. कुणबी आणि बौद्ध मुंबईला गिरणीत, गोदीत, नगरपालिकेत. मुसलमान घरांतली माणसे जहाजावर आणि १९७० नंतर आखातात, कुवेत, सौदी, दुबईला. कुवेत पडले तेव्हा तिथे अडकलेल्या भारतीयांमध्ये कोकणातलीही माणसे होती. सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे विमानाने परत आणले गेले. वर्षानुवर्षांची कमाई तिथेच सोडून माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी परतली. इकडे १९८२ च्या गिरणी संपाने मुंबईची वाट आधीच अरुंद केली होती. त्यात आखाताची वाटही बंद झाली.

पण कुवेतचा फटका मोहल्ल्यापुरता राहिला नाही. तेलाचे भाव काही आठवड्यांतच दुपटीच्या आसपास गेले. भारत तेल बाहेरून आणतो, त्याचे पैसे डॉलरमध्ये मोजतो. आखातातून येणारा पैसा आटला आणि तेलाचे बिल वाढले. त्या वेळी देशाचे अर्थमंत्री होते प्रा. मधु दंडवते, म्हणजे कोकणातल्या राजापूर मतदारसंघाचे खासदार. कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले तेही त्याच साली, जुलै १९९० मध्ये. कोकणच्या माणसाचे रेल्वेचे स्वप्न आणि देशाच्या तिजोरीचे संकट एकाच वेळी एकाच टेबलावर होते.

काही जण म्हणतील, आर्थिक संकटाला कुवेत कसे जबाबदार? १९८० च्या दशकातली उधळपट्टी आणि कर्जे होतीच की! बरोबर आहे. घर आधीच कर्जात होते. पण कर्जबाजारी घराला शेवटचा धक्का कशाने बसला, हेही सांगायला हवे. १९९१ च्या जानेवारीत परकीय चलन जेमतेम सव्वा अब्ज डॉलरपर्यंत उतरले होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावा लागला. देशाचे सोने परदेशात गहाण गेले. आणि २४ जुलै १९९१ रोजी नवे औद्योगिक धोरण आणि डॉ. मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प आला. उदारीकरण, खाजगीकरण, जागतिकीकरण.

आता तारखा जुळवा. मंडलविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयात १६ नोव्हेंबर १९९२ रोजी निकाली निघाला. २७ टक्के आरक्षण वैध ठरले, पण क्रीमी लेअरची अट घालून. केंद्राच्या नोकऱ्यांत ओबीसी आरक्षण प्रत्यक्ष लागू झाले ८ सप्टेंबर १९९३ पासून. म्हणजे मंडलचा पहिला उमेदवार दारात उभा राहिला, तेव्हा खाजगीकरणाला दोन वर्षे होऊन गेली होती. १९९०-९१ साली केंद्राच्या सार्वजनिक उद्योगांत सुमारे २२ लाख कर्मचारी होते. वीस वर्षांनी ही संख्या १५ लाखांच्या आत आली. आरक्षण संविधानाच्या कलम १६(४) नुसार राज्यसंस्थेच्या नोकऱ्यांत आहे. कंत्राटदाराच्या हजेरीपुस्तकात ते नाही. आरक्षण रद्द न करताही आरक्षण संपवता येते, ते असे.

बाबासाहेबांनी काय सांगितले होते?

मंडेलांच्या देशातही हेच झाले. १९९४ साली काळ्या माणसाला मत मिळाले, राष्ट्राध्यक्षपद मिळाले. खाणी, जमिनी आणि बँका मात्र बहुतांशी जुन्याच हातांत राहिल्या. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत नेमका हाच इशारा दिला होता : राजकारणात समता आणि समाजकारण-अर्थकारणात विषमता, हा विरोधाभास फार काळ टिकणार नाही. त्याआधी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची असावी, असे मांडले होते. राज्याचे नियंत्रण गेले की खाजगी मालकाची हुकूमशाही येते, हे त्यांनी तिथेच बजावले होते.

खाजगीकरणात दलित उद्योजक निर्माण होतील, असे सांगणारे आपल्यातही आहेत. उद्योजक जरूर व्हावेत. पण पाच-पन्नास उद्योजकांच्या यशाने सफाईच्या कंत्राटावर राबणाऱ्या लाखो बौद्ध, मातंग, मेहतर भावाबहिणींच्या पगाराची चिठ्ठी बदलत नाही. तिथली जात तीच आहे, फक्त नोकरीची हमी गेली.

म्हणून १९९० चा धडा असा की आरक्षणाची लढाई आणि सार्वजनिक क्षेत्र वाचवण्याची लढाई ही एकच लढाई आहे. भरतीच्या जाहिरातीत आपला टक्का बरोबर आहे का, एवढेच बघू नका. एकूण जागा किती, कायम किती आणि कंत्राटी किती, हे माहितीच्या अधिकारात विचारा. खाजगी क्षेत्रातल्या आरक्षणाची मागणी ठरावापुरती ठेवू नका. आणि रत्नागिरीतल्या मित्रांनो, चिपळूणची १९२९ ची परिषद आणि १९३८ चा मोर्चा कुणबीवाडीत जाऊन सांगा. मोहल्ल्यातल्या कुवेतहून परतलेल्या म्हाताऱ्यांना १९९० विचारा. बौद्धवाडी, कुणबीवाडी आणि मोहल्ला यांना त्या ऑगस्टने एकाच वेळी गाठले होते. तिघे मात्र आजही वेगवेगळ्या रांगेत उभे आहेत, आणि रांगेच्या पुढचे दार रोज थोडे थोडे लोटले जात आहे.

ते दार धरून ठेवायला तिघांचे हात लागतील.

जय भीम! जय संविधान!