वऱ्हाडातील धुमसत्या आगीची कैफियत

इ. स. १८५३ मध्ये हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाडचा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला, त्याच्या पुष्कळ आधीपासून अमरावतीची पेठ कापसावर नांदत होती. १८४२ साली एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर कापूस लादून तो कलकत्त्याच्या वाटेने रवाना केला, अशी हकीकत जुन्या गॅझेटियरात आहे. १८६७ मध्ये लोहमार्ग अकोला-बडनेऱ्यावरून नागपुरास पोहोचला, १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावचा फाटा खुला झाला, आणि पुढे या गावांतून जीन-प्रेसची धुराडी उभी राहिली. या वैभवाच्या पाठोपाठ जी आग आली, तिची हकीकत मात्र बहुतांशी जीनवाल्यांच्या वहिवाटीतच राहून गेली.

मोकळ्या कापसाच्या गंजीस लागलेली आग भयंकर खरी, परंतु ती प्रामाणिक असते. ती पृष्ठभागावरून क्षणार्धात धावते आणि साऱ्या गावास दिसते. वेचणीबरोबर आलेला एखादा खडा अथवा खिळा रेच्याच्या पोलादी पात्यावर घासून ठिणगी पडावी, तेलावाचून बेअरिंग तापावे, किंवा कोणा हमालाची बिडी पुरती विझलेली नसावी, आणि तो स्फुल्लिंग कोणाच्या दृष्टीस न पडता रुईबरोबर प्रेसच्या पेटीत जावा, म्हणजे जी आग जन्मास येते तिचा स्वभाव निराळा. लोखंडी पट्ट्यांनी जखडलेल्या गाठीच्या गाभ्यात, तंतूंमध्ये अडकलेल्या तुटपुंज्या हवेवर ती दिवसचे दिवस धुमसत राहते, आणि गुदामात, वाघिणीत, प्रसंगी जहाजाच्या पोटात गेल्यावर प्रकट होते. म्हणून संशयित गाठ इतर मालापासून दूर, उघड्या आवारात ठेवावी, वरची ज्वाला विझली तरी तिच्यावर पाळत ठेवावी, आणि घाईने पट्ट्या तोडून आतल्या निखाऱ्यास वारा घालू नये, हा या धंद्यातला शहाणपणा. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालणे सक्तीचे केले. सरकारचा मूळ हेतू भेसळीस आळा घालण्याचा होता; तथापि गाठ कोणत्या प्रेसमधून आली हे त्या खुणेवरून कळू लागले, हा लाभही लहान नव्हे.

या आगीचे अत्यंत दारुण उदाहरण मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत घडले. १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी आणि शेकडो टन स्फोटके एकत्र भरलेली होती. बंबवाल्यांनी ९०० टनांहून अधिक पाणी ओतले, परंतु धुराच्या लोटांत आगीचे मूळच सापडेना. आणि दुपारी चारच्या सुमारास जहाज फुटले. कर्तव्य बजावताना प्राणास मुकलेल्या त्या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

१९९१ मध्ये जपानी ‘सोनी’ कंपनीने बाजारात आणलेली लिथियम-आयन बॅटरी आज अमरावती-अकोल्याच्या रस्त्यांवरील ई-रिक्षांत, स्कूटरांत आणि प्रत्येकाच्या खिशात आहे. आणि तिची आग त्या गाठीच्याच कुळातली, किंबहुना अधिक हट्टी. घटातील पातळ पडदा फाटला, की दोन ध्रुवांचा संयोग होऊन उष्णता उसळते, ती शेजारच्या घटास पेटवते, आणि धनाग्रातील ऑक्साइड तापून स्वतःच प्राणवायू सोडते. त्यामुळे वाळू अथवा चूर्ण टाकून ज्वाला दबली तरी दाह उरतोच. विपुल पाण्याने, दीर्घकाळ थंड करणे हाच उपाय, आणि तोही विद्युत्प्रवाह तोडल्यानंतर. विझलेली बॅटरी काही तासांनी, क्वचित काही दिवसांनीही पुन्हा पेट घेते. वैशाखात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पलीकडे सरकतो, आणि यांतील बहुतेक घट चार्ज करण्याची वरची मर्यादा नेमकी तेवढीच सांगितलेली असते. तेव्हा भर दुपारी पत्र्याच्या छपराखाली गाडी चार्जिंगला लावणे म्हणजे संकटास आवतण होय.

प्रथमोपचाराच्या बाबतीत मात्र जुनी वहिवाट टाकून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. भाजल्या जागी शाई, तूप, किंवा आजकाल टूथपेस्ट थापणे घातकच. वीस मिनिटे वाहते पाणी आणि वर स्वच्छ कोरडे फडके, इतकेच पुरे. बॅटरीचा धूर हुंगण्याजोगा नव्हे, कारण त्यात हायड्रोजन फ्लोराइड असते. माणसास तत्काळ मोकळ्या हवेत न्यावे. आतला द्रव अंगास वा डोळ्यांस लागल्यास कपडे काढून किमान पंधरा मिनिटे पाणी सोडावे, आणि बॅटरीमुळे इजा झाली हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे, म्हणजे कॅल्शियम ग्लुकोनेटची तजवीज वेळेवर होईल. मुलाने बटणासारखा सेल गिळल्याचा नुसता संशय आला, तरी वांती करवत न बसता इस्पितळ गाठावे. अन्ननलिकेस दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते.

वाचकांस विनंती एवढीच, की फुगलेली, आदळलेली किंवा एकदा पेटून विझलेली बॅटरी घरात, जिन्याखाली वा गोठ्यात आणू नये. ती उघड्यावर, भिंतीपासून आणि कडब्यापासून दूर ठेवावी, आणि धूर दिसताच माणसे बाहेर काढून १०१ क्रमांकावर अग्निशमन दलास वर्दी द्यावी.