पुसदचे गवत, दिल्लीचे कलम

१० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या राखीव जंगलात विनापरवाना गवत कापले आणि अटक ओढवून घेतली. समुद्रापासून दूर असलेल्या वऱ्हाडात मिठाचा कायदा मोडणे हा निव्वळ उपचार ठरला असता. चारा, सरपण आणि चराई यांवरचे निर्बंध मात्र यवतमाळच्या शेतकऱ्याला रोजच्या रोज जाचत होते. विळा आणि गवताचा भारा एवढ्या भांडवलावर या वकिलाने मूळ प्रश्न उभा केला: गावाने पिढ्यानपिढ्या केलेले काम गुन्हा ठरवले कोणी आणि कशासाठी?

उत्तर कायद्यातच सापडते. १८७८ च्या वन कायद्याची चौकट १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात पक्की झाली. या अधिनियमाच्या प्रस्तावनेत वने, वनोपजाची वाहतूक आणि इमारती लाकडावरील शुल्क यांचा उल्लेख आहे, संवर्धनाचा नाही. रेल्वेला स्लीपर हवे होते, सरकारला महसूल हवा होता, आणि त्या गरजेच्या रक्षणासाठी फौजदारी शिक्षा जोडली गेली. यावर आक्षेप येईल की धाक नसता तर जंगल उरलेच नसते. धाक हवा, हे मान्य. पण कलम २६ मध्ये झाड तोडणारा आणि गुरे चारणारा या दोघांनाही सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची एकच कमाल मर्यादा होती. सागाचे झाड आणि पावसाळ्यात पुन्हा उगवणारे गवत यांत फरक न करणारे कलम जंगलापेक्षा खात्याचा अधिकार अधिक जपते.

दुसरा आक्षेप असा, की तो परक्यांचा कायदा होता. आता संसद आपली आहे. पण स्वातंत्र्यानंतरही १९२७ चा अधिनियम कायम राहिला. गौण वनोपज आणि चराईवरील हक्क कायद्याने व्यापकपणे मान्य व्हायला २००६ चा वन हक्क कायदा यावा लागला, आणि त्यामागे आदिवासी संघटनांचा दीर्घ रेटा होता. २०१९ मध्ये वनाधिकाऱ्यांना शस्त्र वापरण्याची मोकळीक देऊ पाहणारा दुरुस्तीचा मसुदा विरोधामुळे केंद्राला मागे घ्यावा लागला. लोकांचा दबाव चालतो तो असा: बहुधा उशिरा, आणि पुष्कळदा नवे संकट थोपवण्यापुरता.

याउलट २०२३ चा जनविश्वास कायदा पाहा. त्याने केंद्रीय अधिनियमातली गुरे चारण्याबद्दलची कैद काढून केवळ दंड ठेवला. ही सुधारणा स्वागतार्हच. पण ती गुराख्यांच्या मागणीतून आली नाही. उद्योगसुलभतेसाठी वाणिज्य मंत्रालयाने आणलेल्या, अनेक कायद्यांतल्या किरकोळ गुन्ह्यांच्या विधेयकात ती बसून गेली. त्याच कलमातली वनोपज विनापरवाना गोळा करण्याबद्दलची कैद मात्र राहिली, म्हणजे अण्यांनी पुसदला जे केले त्याला केंद्रीय कायद्यात आजही तुरुंगाची तरतूद आहे. एखादे कृत्य गुन्हा ठरते की सुटते, हे त्याच्या गांभीर्याइतकेच मसुदा कोणत्या खात्यात लिहिला जातो आणि तिथे कोणाची ऊठबस असते यावरही ठरते. वन हक्काच्या दाव्याची सुरुवात आज ग्रामसभेत होते. शिक्षेच्या कलमाचा मसुदाही आधी तिथे वाचला गेला, तर गवत आणि साग यांतला फरक दिल्लीला वेगळा शिकवावा लागणार नाही.